अरण्यातलं प्रवचन पुढे पाठवण्याआधी

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर शेजारच्या काकीचे यजमान गेले. बारावा झाला, पाहुणे पांगले, घर एकदम रिकामं झालं. तिच्याशी काय बोलावं ते मला सुचेना. माझ्या फोनवर थायलंडमधले बौद्ध भिक्खू आजान चाह यांच्या शिकवणीचा दीड मिनिटाचा एक तुकडा होता, खाली मराठी अक्षरं घातलेला. हातातला पेला आधीच फुटलेला आहे असं जाणून तो वापरावा, म्हणजे तो खरोखर फुटतो तेव्हा माणूस कोसळत नाही, असा त्याचा आशय. मला तो फार आवडायचा. मी तो काकीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी ती सोप्यावर बसली होती. मला पाहून एवढंच म्हणाली, "पुता, म्हाका रडूंक दी."

त्या तुकड्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरीही तो तिला लागला, कारण तिच्या कानाला तो 'रडू नकोस, हे होणारच होतं' असाच ऐकू आला. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. अरण्यविहारांतली ध्वनिमुद्रित प्रवचनं आज फोनवर सहज मिळतात. ती कुठून येतात, फुकट का असतात, पुढे पाठवताना काय जपायचं, हे मला समजलं तसं इथे मांडतो.

आधी हे भिक्खू कोण ते पाहू. 'आजान' हा शब्द आपल्या 'आचार्य'वरून आला आहे. थायलंडच्या ज्या भागात ही परंपरा उभी राहिली त्याचं नाव 'ईसान', म्हणजे आपली ईशान्य दिशाच. तिथे आजान साओ आणि त्यांचे शिष्य आजान मन भूरिदत्त (१८७०–१९४९) यांनी शहरातले विहार सोडून रानात राहण्याची जुनी पद्धत पुन्हा धरली. दिवसातून एकदा जेवण, तेही भिक्षापात्रात पडेल ते. मोजकी चीवरं, झाडाखाली किंवा गुहेत मुक्काम, आणि ध्यान. आपल्याकडे गोव्यात रिवणला कुशावतीच्या काठी ज्या गुंफा आहेत, त्या अशाच भिक्खूंच्या असाव्यात असं मानतात. त्या गुंफेत वाकून शिरलं आणि थोडा वेळ गप्प बसलं की या जगण्याची कल्पना येते.

आजान चाह (१९१८–१९९२) याच धारेतले. तरुणपणी ते थोड्या काळासाठी आजान मन यांना भेटले होते. १९५४ मध्ये उबोन राचथानी प्रांतात, आपल्या जन्मगावाजवळच्या रानात, त्यांनी वाट नोंग पा पोंग हा विहार वसवला. थाई भाषेत 'वाट' म्हणजे विहार आणि 'पा' म्हणजे रान. पुढे परदेशी शिष्य येऊ लागले, त्यांच्यासाठी १९७५ मध्ये वाट पा नानाचाट निघालं. अमेरिकन शिष्य आजान सुमेधो १९७७ मध्ये इंग्लंडला गेले आणि तिथे चिटहर्स्ट व अमरावती हे विहार उभे राहिले. आज आपल्या फोनवर इंग्रजीतून येणारी पुष्कळशी प्रवचनं याच शिष्यशाखांमधली आहेत.

आजान चाह यांनी स्वतः पुस्तकं लिहिली नाहीत. ते बोलायचे, आणि कुणीतरी शेजारी कॅसेट रेकॉर्डर ठेवायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आजारपण बळावलं, शरीर लुळं पडलं आणि वाचा गेली. शेवटची सुमारे दहा वर्षं ते अंथरुणावर, न बोलता होते. म्हणजे त्यांचा जो काही आवाज आज उरला आहे, तो त्या फितींमधलाच. एखादी फीत ओल लागून बुरशीने खराब झाली तर तेवढा आवाज कायमचा जातो. गोव्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या घरांतल्या जुन्या भजन-कीर्तनाच्या कॅसेटींचं चार पावसाळ्यांत काय झालं ते आपण पाहिलेलं आहे.

तर प्रवचन होतं कसं? आपल्याकडे देवळात कीर्तन लागतं तशी इथे तारीख जाहिरात करून येत नाही. चांद्रमासातल्या उपोसथाच्या दिवशी, अमावास्या-पौर्णिमेला आणि दोन्ही अष्टमींना, गावकरी विहारात जमतात. एक उपासक हात जोडून पाली गाथा म्हणतो: ब्रह्मा सहम्पतीने बुद्धाला उपदेशाची विनंती केली होती, तशी आम्हीही करतो. विनंती झाल्यावरच भिक्खू बोलतो. समोर कागद नसतो. आज कोण आलं आहे, कुणाच्या घरी काय घडलं आहे, तरुण भिक्खू कशावरून कुरकुरत आहेत, हे पाहून बोलणं वळतं. मध्येच पाऊस येतो, बेडूक ओरडतात, कुणीतरी खोकतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, मग फीत उलटायची. तेवढ्यात दोन-तीन वाक्यं निसटली तर निसटली.

हे सगळं मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या चुकीचं मूळ इथेच आहे. तुम्ही कधी असं सांगता, कधी नेमकं उलट, असं आजान चाह यांना विचारलं गेलं होतं. त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. ओळखीच्या रस्त्यावरून माणूस चालला आहे आणि उजवीकडच्या खड्ड्यात पडणार असं दिसलं, तर मी ओरडतो, डावीकडे हो. दुसरा डावीकडे पडायला आला असेल तर त्याला सांगतो, उजवीकडे हो. आता विचार करा, ध्वनिमुद्रणात काय उरतं? 'डावीकडे हो' ही हाक उरते. चालणारा कुठल्या बाजूला झुकला होता ते फितीवर येत नाही. मी काकीला दुसऱ्या कुणाला मारलेली हाक पाठवली होती.

ही अडचण नवी नाही, आणि तिच्यावरचा उपायही नवा नाही. बुद्धाचं बोलणं कित्येक शतकं निव्वळ पाठांतरावर टिकलं. परिनिर्वाणानंतर राजगृहाला भिक्खूंची पहिली संगीती, म्हणजे सभा, भरली, तिथे बुद्धाचा शिष्य आनंद याने सुत्तं, म्हणजे बुद्धाचे उपदेश, म्हणून दाखवली असं परंपरा सांगते. ती पोथीत लिहिली गेली इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, आलुविहारला. या पाठ करणाऱ्यांनी एक गोष्ट सोडली नाही. जवळजवळ प्रत्येक सुत्ताची सुरुवात 'एवं मे सुतं', असं मी ऐकलं, अशी होते, आणि लगेच येतं की भगवान तेव्हा श्रावस्तीला होते की वैशालीला, विचारणारा कोण होता, त्याने काय विचारलं. उपदेश मागाहून येतो. लहानपणी मला ही प्रस्तावना कंटाळवाणी वाटायची. आता वाटतं, सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे.

आजान चाह यांचा एक उपदेश मरणाच्या उंबरठ्यावरच्या एका वृद्ध उपासिकेसाठी दिलेला आहे. तो जगभर वाचला जातो, आणि छापताना सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की हे कुणाला उद्देशून होतं. तेवढ्या एका ओळीमुळे वाचणाऱ्याला आपली जागा कळते. आपण त्या खाटेवर आहोत, खाटेशेजारी आहोत, की अजून खूप लांब आहोत.

ध्वनिमुद्रणच वाईट, असं मी म्हणत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेला जाऊन आलेले लोक आपल्याकडे घरोघरी सापडतील. तिथे गोएंका गुरुजींची प्रवचनं संध्याकाळी ध्वनिमुद्रितच ऐकवतात. ती परंपरा ब्रह्मदेशातून आलेली, वेगळी आहे. पण शिबिरातल्या तिसऱ्या दिवशीचं प्रवचन तिसऱ्याच दिवशी, तेवढी बैठक झालेल्या माणसालाच ऐकवलं जातं. आवाज यंत्रातून येतो, तरी संदर्भ शाबूत राहतो.

आता पैशांचं. या प्रवचनांना किंमत नसते, यामागे नुसता उदारपणा नाही. थेरवाद या बौद्ध परंपरेतल्या, म्हणजे या भिक्खूंनाही, पातिमोक्खाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचे, २२७ नियम असतात. त्यांत सोनं-रुपं, म्हणजे पैसा, स्वीकारू नये, व्यवहार करू नये, खरेदी-विक्री करू नये, असे नियम आहेत. अरण्यपरंपरा ते काटेकोर पाळते. ज्याला सकाळी पात्र घेऊन निघाल्याशिवाय दुपारचा घास मिळत नाही, तो आपलं बोलणं विकणार कसा? गाव भात देतं, भिक्खू धम्म देतो, आणि दोन्हीकडे हिशेब नसतो. 'सब्बदानं धम्मदानं जिनाति', धम्माचं दान सगळ्या दानांहून वरचढ, हे धम्मपदातलं वचन (गाथा ३५४) आहे, आणि या विहारांची पुस्तकं आणि ध्वनिफिती त्याच भावनेने वाटली जातात.

म्हणून एखादा माणूस हीच प्रवचनं आपल्या चॅनलवर चढवून जाहिरातींचे पैसे घेतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. तो धम्म पोचवतोच आहे, हे खरं. पण जी गोष्ट विकायची नाही म्हणून दिली गेली, ती त्याने दुकानात मांडली.

इथे कायदाही थोडा समजून घ्यावा. 'फुकट आहे' आणि 'कुणाचं नाही' यांत फार अंतर आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाहीर भाषणावरचा पहिला हक्क ते भाषण करणाऱ्याचा असतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो ते मुद्रण करवून घेणाऱ्याचा. त्याचा कुणी अनुवाद केला तर त्या अनुवादावर आणखी एक हक्क तयार होतो. एकाच प्रवचनावर असे तीन थर असतात. बरेच विहार क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचा परवाना लावतात, म्हणजे आधीच दिलेली लेखी परवानगी. तिचे प्रकार आहेत. कॅलिफोर्नियातल्या मेत्ता वनविहाराचे थानिस्सरो भिक्खू आपले अनुवाद 'व्यापार न करता, नाव देऊन वापरा' अशा अटीवर देतात. दुसरीकडे 'यात बदल करू नका' अशीही अट असते, आणि कायद्याच्या नजरेत अनुवाद हा बदलच. तेव्हा मराठी करायला घेण्याआधी परवान्याच्या दोन ओळी वाचाव्यात, आणि शंका असेल तर विहाराला साधं पत्र लिहावं.

रीलच्या तुकड्यांखाली बासरी नाहीतर संथ वाद्यसंगीत लावायची पद्धत पडली आहे. हेतू चांगलाच असतो. पण अंगुत्तर निकाय या सुत्तांच्या संग्रहात एक लहानसं सुत्त आहे, त्यात धम्म लांबलचक आळवून गाण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. गाणारा स्वतःच्या आवाजात गुंततो, ऐकणारा त्या आवाजात गुंततो, लोक म्हणतात हे तर आपल्यासारखेच गातात, समाधी मोडते, आणि मागून येणारे तीच रीत उचलतात. मी नाट्यसंगीत ऐकत वाढलो, संगीतावर माझा राग असायचं कारण नाही. पण ज्या बोलण्यात मधली शांतता हाही शिकवणीचा भाग आहे, तिथे ती शांतता बासरीने भरून टाकली तर ऐकणाऱ्याला नेमकी तीच मिळत नाही.

झोपून ऐकलं तर चालतं का, असं मला पुष्कळदा विचारतात. पातिमोक्खात उपदेशाबाबत नियम आहेत ते असे: जो छत्री धरून उभा आहे, पायात पादत्राणं घालून आहे, डोकं गुंडाळून आहे, आडवा पडला आहे किंवा आपल्याहून उंच आसनावर बसला आहे, त्याला भिक्खूने उपदेश करू नये. आजारी माणसाला सूट आहे. नियम बोलणाऱ्या भिक्खूवर आहे, फीत ऐकणाऱ्यावर नाही, त्यामुळे उशीशी फोन ठेवणाऱ्याने कुठला नियम मोडला असं होत नाही. माझं स्वतःचं म्हणाल तर मी बसून ऐकतो. त्याने ऐकणं बदलतं.

सगळ्यात अवघड भाग मात्र भाषेचा, आणि तिथे आपण मराठी माणसं एका गोड सापळ्यात सापडतो. आजान चाह ईसानी लाओ आणि थाई बोलायचे. त्याचं इंग्रजी होतं, आणि इंग्रजीवरून आपण मराठी करतो. थाईत 'चाय' हा शब्द मन, अंतःकरण, चित्त या सगळ्यांना मिळून येतो. इंग्रजी अनुवादक तिथे 'हार्ट' लिहितात. त्यावरून आपण 'हृदय' लिहिलं की वाक्य एकदम प्रेमपत्रासारखं वाटू लागतं. तिथे 'चित्त' किंवा साधं 'मन' बरं. 'लेट गो'चंही तसंच. त्याचं 'सोडून दे' केलं की आपल्या कानाला 'सोड रे, काय घेऊन बसलास' असं ऐकू येतं, म्हणजे बेफिकिरी. मूळ अर्थ आहे धरलेली मूठ सैल करणं. वस्तू तळहातावर राहिली तरी चालेल.

दुसरी अडचण याच्या उलट. पाली शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात, म्हणून आपण थांबतच नाही. 'वेदना' म्हटलं की मराठी माणसाला दुखणं आठवतं. पालीत वेदना सुखाचीही असते, दुःखाचीही, आणि धड सुख ना दुःख अशीही. 'वेदना पाहा' असं भिक्खू सांगतो, तेव्हा सकाळच्या गरम चहाचा पहिला घोटही त्यात येतो. 'संस्कार' म्हणजे आपल्याकडे आईवडिलांनी लावलेलं चांगलं वळण. पालीतला 'संखार' म्हणजे कारणांनी घडलेली, मनाने घडवलेली गोष्ट, आणि ती चांगलीच असते असं नाही. आणि 'विज्ञान'! पालीतलं 'विञ्ञाण' म्हणजे जाणीव, विषयाचं भान. आपल्याकडे तोच शब्द प्रयोगशाळेत जाऊन बसला आहे. एका तुकड्याखाली मी 'विज्ञान अनित्य आहे' असं वाचलं, आणि खाली लोक विज्ञानाच्या मर्यादांवर भांडत होते. अशा जागी अनुवादकाने एक ओळ जास्त लिहावी. प्रवाह थोडा अडला तरी चालेल.

आणि जे मुळात प्रवचनातलं नाहीच त्याचं काय? थोरामोठ्यांचा फोटो आणि खाली भलतंच वाक्य, असे संदेश रोज येतात. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धाने यासाठी चार महापदेश, म्हणजे पारखण्याच्या कसोट्या, सांगून ठेवले आहेत. कुणी म्हणेल, मी हे प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून ऐकलं. कुणी म्हणेल, अमुक संघाकडून, अमुक जाणत्या थेरांकडून, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंकडून, एखाद्या एका थेराकडून ऐकलं. लगेच डोक्यावर घेऊ नका, लगेच झिडकारूही नका. शब्द नीट लक्षात घ्या, सुत्ताशी ताडून पाहा, विनयाशी, म्हणजे भिक्खूंच्या नियमांशी, ताडून पाहा. जुळलं तर घ्या, नाही जुळलं तर टाका. एक सोपी खूण मीही वापरतो. 'मी अमुक पदाला पोचलो' असं कुणी भिक्खू गृहस्थांपुढे म्हणताना दिसला, की मी थांबतो. खरी प्राप्तीसुद्धा गृहस्थाला सांगायची नाही असा भिक्खूंना नियम आहे. आणि जाणूनबुजून खोटी सांगितली तर त्याचं भिक्खुपदच संपतं.

यंत्राचं थोडक्यात. एकट्या माणसाचा आवाज ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीत उत्तम ऐकू येतो, आणि तासाभराचं प्रवचन सुमारे २९ एमबीत मावतं. जुनी कॅसेट उतरवून घेत असाल तर पहिली प्रत मात्र न दाबलेली, वेव्ह फाईलमध्ये ठेवा. एका वाहिनीच्या (मोनो) नेहमीच्या दर्जाला तासाला साधारण ३१८ एमबी लागतात. ती मूळ प्रत दोन ठिकाणी जपा आणि वाटायला त्यावरून लहान प्रती काढा. खरखर काढायच्या नादात पाऊस आणि बेडूक पुसू नका. फाईलच्या नावात बोलणाऱ्याचं नाव, विहार, तारीख आणि कुणापुढे बोलले ते लिहा. शक्यतो प्रवचन पूर्ण पाठवा. तुकडाच पाठवायचा असेल तर पूर्ण कुठे मिळेल ते सोबत लिहा.

एवढी खटपट कशासाठी, असं कुणी विचारलं की मला साखवाळचा एक मुलगा आठवतो. धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६. गोव्यातल्या त्या खेड्यात 'बालबोधमेवा' या मुलांच्या मराठी मासिकातलं बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आलं. त्या वाचनाने त्यांना घराबाहेर काढलं आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपात नेलं. तिथे ते पाली शिकले, भिक्खू झाले, आणि पुढे आपल्याला बुद्ध मराठीत वाचायला मिळाला. त्या मासिकातला मजकूर लिहिणाऱ्याला साखवाळ ठाऊक असायचं कारण नव्हतं. आपण पाठवलेली फाईलही कुठे उघडेल ते आपल्याला कळणार नाही.

काकीकडे मी परत गेलो, पण फोन पुढे केला नाही. गेल्या श्रावणात तिनेच विचारलं, तो तुझा भिक्खू काय सांगत होता? तेव्हा मी त्या मरणासन्न उपासिकेला दिलेला उपदेश काढला. आधी तो कुणासाठी होता ते सांगितलं, आणि मग परिच्छेद वाचून, थांबून, कोकणीत सांगत गेलो. त्यात त्या उपासिकेजवळ बसलेल्या घरच्यांनाही दोन शब्द आहेत. निम्म्यावर काकी म्हणाली, आज एवढंच पुरे. आत जाऊन तिने चहा टाकला. कप पुढे ठेवताना तिने विचारलं, "त्या बाईच्या उशाशी कोण कोण बसलेलं रे?"